म्हणे गुंड्याभाऊ कोणीही केला असता!

दूरदर्शनवरच्या 'चिमणराव-गुंड्याभाऊ' मालिकेतले गुंड्याभाऊ, बाळ कर्वे, गेले 28 ऑगस्ट 2025 ला, वयाच्या 95 व्या वर्षी, आणि तेव्हापासून एक मेसेज फिरतोय. वरवर श्रद्धांजली आहे पण वाचलं की डोकं फिरतं. त्यात म्हटलंय की मालिका खरी चिमणराव झालेल्या दिलीप प्रभावळकरांची, कर्वे नुसते सोबतीला, असा रोल कुठलाही धिप्पाड माणूस करून गेला असता, बिचाऱ्यांचं पुढचं करिअर त्या एका गुंड्याभाऊने खाल्लं, आणि तेव्हा चॅनेलच एक होतं म्हणून लोकांनी बघितलं. खाली शंभर जणांनी हात जोडलेत, म्हणजे पटलंय सगळ्यांना. मला नाही पटलं.

पहिलं, "सोबतीला". प्रभावळकर ग्रेट आहेतच, त्यावर वाद नाही, पण चिमणराव म्हणजे कोण तर घाबरट, उगाच शहाणपणा करायला जाणारा आणि फसणारा कारकून. असा माणूस एकटा किती वेळ हसवणार? त्याच्या शेजारी कोणीतरी न घाबरणारा, तोंडावर बोलणारा, हातात सोटा घेतलेला लागतो, तेव्हा त्याचं घाबरणं दिसतं. आणि गंमत अशी की गुंड्याभाऊ पण काही फार शहाणा नाही, तो ज्या भानगडीतून सोडवायला जातो ती आणखी वाढवूनच ठेवतो, फक्त आत्मविश्वासाने. म्हणजे दोन वेगळ्या तऱ्हेचे वेडे, एक भित्रा आणि एक बिनधास्त. यातला एक काढला तर उरलेला नुसता केविलवाणा किंवा नुसता आडदांड वाटेल. म्हणूनच आजही लोक दोन्ही नावं एका दमात घेतात.

आता "कोणीही केला असता", यावर जरा सविस्तर बोलतो कारण यातच सगळी गोम आहे. मालिका ज्यांवरून केली त्या चिं. वि. जोशींच्या गोष्टी ज्यांनी वाचल्यात त्यांना माहितीये की त्या चिमणराव स्वतः सांगतो. बडोद्यात पाली भाषेचे प्राध्यापक असलेल्या माणसाने हे असलं लिहिलंय ही वेगळीच मजा, असो. तर पुस्तकात गुंड्याभाऊ आपल्याला कायम मावसभावाच्या नजरेतूनच भेटतो, तो चिडला, तो काहीतरी बोलून गेला हे सगळं चिमणराव रंगवून सांगणार आणि आपण त्या सांगण्याला पण हसणार. स्क्रीनवर ही सोय गेली ना. तिथे गुंड्याभाऊला स्वतःच्या पायावर उभं राहायला लागतं, आणि चिमणराव लांबलचक काहीतरी बोलत असताना आपण ऐकतोय, पटत नाहीये, आता बोलायलाच पाहिजे, हे सगळं चेहऱ्यावर दिसायला लागतं, ते पण ब्लॅक अँड व्हाइट छोट्या टीव्हीवर. नाटकातला माणूस असेल तर सवय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची, इथे प्रेक्षक चार हातांवर बसलेला, जरा जास्त झालं की लगेच सोंग वाटतं. कर्व्यांचं सोंग वाटलं नाही. ते कधी "बघा मी किती विनोदी आहे" असं करत नाहीत, गुंड्याभाऊला स्वतःचं म्हणणं शंभर टक्के बरोबर वाटतं आणि कर्वे ते तितक्याच सिरियसली बोलतात, म्हणून हसू येतं. धिप्पाड शरीर काय, ते फोटोत पण दिसतं.

शिवाय पाटी कोरी नव्हती. 1940 च्या 'लग्न पहावे करून' सिनेमात दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ होऊन गेले होते. म्हणजे घरातल्या थोरल्या मंडळींच्या डोक्यात जोग होते आणि वाचणाऱ्यांच्या डोक्यात ज्याचा त्याचा स्वतःचा गुंड्याभाऊ होता. इतक्या जणांच्या डोक्यातलं चित्र पुसून तिथे आपला चेहरा बसवायचा, हे "कोणीही" करतं का? आज पुस्तक उघडलं की मला तर कर्व्यांचाच आवाज ऐकू येतो, अजून कितीतरी जणांचं तसंच असणार. मालिकेच्या दिग्दर्शिका विजया जोगळेकर-धुमाळेंना पण याचं क्रेडिट द्यायला हवं, जोडी निवडली त्यांनीच.

"करिअर खाल्लं" यावर काय बोलणार. माणूस मुंबई महापालिकेत इंजिनीअर होता, नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्यांच्या पिढीतला. त्या काळात मराठी रंगभूमीवर ही कॉमन गोष्ट होती, हापिस सुटलं की तालीम. अशा माणसाला आजच्या हिशोबाने "नंतर मोठे रोल का नाही मिळाले" विचारणं म्हणजे आपलं मोजमाप त्यांच्या गळ्यात घालणं. आणि समजा एकच रोल लक्षात राहिला, तरी सत्तरच्या दशकाच्या शेवटी केलेलं काम 2025 मध्ये लोकांना आठवतं याला "खाल्लं" म्हणायचं असेल तर इंडस्ट्रीतले निम्मे लोक खाऊन घ्यायला तयार होतील!

राहिलं एकच चॅनेल. हो होतं, मुंबई दूरदर्शन 1972 पासून तेवढंच होतं. पण मग त्याच एका चॅनेलवर तेव्हा लागलेले बाकीचे किती कार्यक्रम आठवतात, सांगा बघू. पर्याय नव्हता म्हणून लोक टीव्हीसमोर बसले असतील, कबूल, पण टीव्ही बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत गुंड्याभाऊची नक्कल करा असं काही दूरदर्शनने सांगितलं नव्हतं.