न्यू ऑर्लिन्स टूरला एक स्टार दिलेल्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. तुमच्या तक्रारी अशा की लफायेत सिमेटरी, म्हणजे तिथली जुनी दफनभूमी, दाखवलीच नाही, जूनच्या उन्हात थडगी बघत फिरवलं, गाईडने तुमच्या मुलाला सगळ्यांसमोर टोकलं आणि व्हूडू म्युझियम म्हणजे दोन खोल्यांतला जादूटोणा, तिथे सासूबाईंना नेल्याचं वाईट वाटलं.

लफायेतची चूक पूर्ण आमची. ती सिमेटरी सिटीने २०१९ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केली तरी आमच्या जाहिरातीत तिचाच फोटो राहिला, तो काल काढला. उन्हाचंही मान्य, थडग्यांमध्ये सावली नाही हे आम्हाला माहीत होतं, सकाळी लवकर निघायला हवं होतं आणि ह्यूस्टनहून निघतानाच छत्र्या घ्या म्हणून सांगायला हवं होतं.

पण मुलाला टोकलं त्याबद्दल मी माफी मागणार नाही. तो किल्लीने थडग्यावर फुली मारत होता. मेरी लावो म्हणजे तिथली एकोणिसाव्या शतकातली प्रसिद्ध व्हूडू क्वीन, तिचं म्हणून जे थडगं मानतात त्यावर तीन फुल्या मारल्या की इच्छा पूर्ण होते असं कुणीतरी पसरवलं आणि लोकांनी वर्षानुवर्षं ते खरवडून काढलं, २०१३ च्या डिसेंबरमध्ये तर एकाने रात्रीत सगळं गुलाबी रंगवलं. तो साधा घरगुती रंग होता, त्याने आतली ओल बाहेर पडत नाही, मऊ विटा कुजायला लागतात, आणि रंग काढायला गेलं की चुन्याचा गिलावाही निघतो. म्हणून २०१५ पासून हे थडगं जिथे आहे त्या सेंट लुईस नंबर १ सिमेटरीत लायसन्सवाल्या गाईडशिवाय टूरिस्टना सोडत नाहीत. १७८९ ची जागा आहे ती, आणि तिथे आजही लोक आपल्या घरची गेलेली माणसं ठेवतात.

एकाच थडग्यात दहा-दहा माणसं, किळस आली असं तुम्ही लिहिलंय. अहो, जमिनीत जरा खणलं की पाणी लागतं, जागाही कमी, म्हणून घराण्याचं एकच विटांचं थडगं असतं. एक वर्ष आणि एक दिवस तरी ते उघडायचं नाही, तोवर तिथल्या उन्हाने आत भट्टीसारखं तापून फक्त हाडं उरतात, ती मागे सरकवली की पुढच्यासाठी जागा झाली. आजी, मुलगा, नातू सगळे एकत्र. मला तर ते फार मायेचं वाटतं.

म्युझियम लहान आहे, खरंय. १९७२ मध्ये चार्ल्स गँडोल्फो नावाच्या तिथल्याच एका आर्टिस्टने काढलेलं, पण व्हूडूला जादूटोणा म्हणू नका ना, तो एक धर्म आहे. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांना कायद्यानेच कॅथलिक करायचे, मग त्यांनी आपले देव संतांच्या आड जपले, सेंट पीटरच्या हातात किल्ल्या म्हणून वाट उघडणारा आपला देव लेग्बा त्याच्यात बघितला. मेरी लावो स्वतः चर्चमध्ये जाणारी बाई होती. आपल्याकडे बांधावरच्या म्हसोबाला नारळ फोडतात, बांद्र्याला माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहतात आणि त्यात हिंदूही असतात, त्याला आपण जादूटोणा म्हणतो का? आणि सासूबाईंचं म्हणाल तर त्या मेणबत्त्यांच्या आणि सुट्ट्या नाण्यांच्या अल्टरसमोर, म्हणजे म्युझियममधल्या वेदीसमोर, चपला काढून उभ्या राहिल्या, पर्समधून एक डॉलरची नोट काढून ठेवली आणि हात जोडले. मी मागेच उभी होते. त्यांना वाईट वाटलं असेल असं मला तरी दिसलं नाही, एकदा विचारून बघा.

लफायेत हुकल्याबद्दल माणशी १५ डॉलर परत पाठवतेय, चौघांचे ६०, ज्या अकाउंटवरून बुकिंग केलं त्यावरच येतील. आणि यापुढे जून ते सप्टेंबर आमची गाडी हॉटेलवरून साडेसातला निघेल.