ऑन माडी नोड्री!

लॅपटॉपवर चहा सांडला की घरातून पहिलं वाक्य येतं, "अगं बाई!" दुसरं येतं, "चालू करून बघ की!" आमच्या बेळगावात हे दुसरं वाक्य दोन भाषांत ऐकावं लागतं, कारण भिंतीपलीकडून शेजारचे अण्णाही सांगतात, "ऑन माडी नोड्री!" या एका बाबतीत सीमाभागात मराठी-कानडी वाद नाही. दोघांचंही चुकतंय.

चहानं लॅपटॉप सहसा लगेच मरत नाही, आतल्या ओल्या सर्किट बोर्डात वीज सोडली की मरतो. म्हणून आधी चार्जर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि लॅपटॉप तंबूसारखा पालथा उभा करा. खाली कालचा 'तरुण भारत' पसरा. फाईल सेव्ह करायची राहिली? राहू दे.

पण बटण बंद म्हणजे वीज बंद, असं नाही. बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत वीज खेळतच असते, आणि ओल्या तांब्यावर हिरवी पुटं चढत जातात. तेव्हा मागचं झाकण काढणं आलंच. आठ-दहा स्क्रू असतात, त्यातले एकदोन हटकून रबरी पायांखाली दडलेले. बहुतेक वेळा बारका फुलीचा, पीएच-० स्क्रूड्रायव्हर लागतो; शिलाई मशीनच्या पेटीतला आणून देणाऱ्या आक्काला प्रेमानं परत पाठवा. स्क्रूंची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूडच्या भोकात पिळला तर थेट बोर्डात घुसतो, मग बिल चहाच्या नावावर टाकता येत नाही. कागदावर झाकणाचं चित्र काढून ज्याचा स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीनं लावा. मग बॅटरीचा कनेक्टर सोडवा, वायरला न ओढता. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र शौर्य बास, सरळ दुकान गाठा.

आता खरा शत्रू. नुसतं पाणी सांडलं असतं तर बरं, पण आमच्याकडचा चहा म्हणजे दूध, साखर आणि वर आलं. सगळे सांगतात, आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा. पुसा की, पण साखर अल्कोहोलात फारशी विरघळत नाही! ती पाण्यातच जाते. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटर, जे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. (ॲसिड नव्हे. कॅन वाचून घ्या.) मऊ टूथब्रश त्यात बुडवून चिकट जागा हलक्या हातानं घासा, आणि मग ९९ टक्क्यांच्या अल्कोहोलनं ते पाणी हाकला. सॅनिटायझरवर भागवू नका, त्यात पाणीही असतं आणि ग्लिसरीनही. स्क्रीनच्या कडांना पाणी किंवा अल्कोहोल लावू नका, आत झिरपून कायमचे डाग पडतात. आणि हे अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा देवघरातली उदबत्ती विझेपर्यंत बाटलीचं बूच उघडू नका. आक्काला उदबत्ती विझवायला सांगणं हे या दुरुस्तीतलं सर्वांत अवघड काम.

कीबोर्डचं दुखणं वेगळं. बहुतेक नव्या लॅपटॉपांत तो प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी वरच्या भागाला जखडलेला असतो, सुटा निघत नाही. आतल्या पापुद्र्यांत चहा शिरला असेल तर एखादं बटण आपोआप दाबलं जातं आणि पडद्यावर 'ककककक' सुरू होतं. अशा वेळी यूएसबी कीबोर्ड जोडा आणि नवीन कीबोर्डाचा खर्च मनाशी कबूल करा.

मग वाळवण. इथं तांदळाचा डबा हजर होतो. बेळगाव बासमती असो की सोनामसुरी, तांदूळ बोर्डातलं पाणी ओढत नाही, उलट भुकटी आत सोडतो. हेअर ड्रायरही नको. पाणी आणखी आत ढकलतो आणि बटणं वाकडी करतो. उन्हाळ्यात पंख्याखाली ४८ तास पुरतात. पण आषाढात, जिथं चार दिवस बनियन वाळत नाही तिथं, लॅपटॉप काय वाळणार? घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या मूठभर पुड्या टाकून तो चार दिवस ठेवावा. दिवाळीचा चिवड्याचा डबा मापात बसतो. आक्काला विचारून घ्या.

पाचव्या दिवशी बॅटरी जोडून, झाकण लावून, मी बटणावर बोट ठेवतो. तेवढ्यात घरातला बल्ब दोनदा लुकलुकतो. आणि भिंतीपलीकडून, चार दिवसांत पहिल्यांदाच वेगळा सल्ला येतो: "ईग ब्याड्री!" आत्ता नको.