बाबांची गाडी आणि शेजारच्या आजोबांची तोफ

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पंधरा दिवस एकच वाद चाललाय: बाबांची गाडी काढून घ्यायची का? गाडी म्हणजे स्कूटर, आणि बाबा ७७ वर्षांचे. गेल्या महिन्यात पुण्यात सिग्नलजवळ घसरून पडले. गुडघा सोलवटण्यावर निभावलं. मावसभावाने लगेच लिहिलं, ‘‘पंचाहत्तरीनंतर लायसन्सच बंद करायला हवं. जपानमध्ये म्हातारे स्वतःहून परत देतात.’’ मी अकरा वर्षं जपानमधल्या हमामात्सूत राहतो, त्यामुळे साक्षीदार म्हणून माझी वर्णी लागली.

परत देतात, हे खरं. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोतल्या इकेबुकुरोला ८७ वर्षांच्या एका निवृत्त बड्या सरकारी अधिकाऱ्याचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला. सायकलवरून चाललेली आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी जिवानिशी गेल्या. खटल्यात तो गाडीलाच दोष देत राहिला. २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. देश हादरला होता. त्या एका वर्षात सुमारे सहा लाख लोकांनी लायसन्स परत केली.

इथले माझ्या शेजारचे आजोबा त्या लाटेतले नव्हेत. त्यांनी दोन वर्षांपूर्वी परत केलं, तेही परीक्षा पास होऊन. पंचाहत्तरीनंतर नूतनीकरणाआधी इथे स्मरणशक्तीची चाचणी असते. सोळा चित्रं दाखवतात, मध्ये दुसरंच काहीतरी करायला लावतात आणि मग विचारतात, काय काय पाहिलंत? तारीख-वारही लिहायचा. डोक्यात गडबड दिसली तर डॉक्टरांची तपासणी सक्तीची. आजोबा हसत सांगतात, ‘‘तोफ, कान, रेडिओ... आज सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण ती तोफ डोक्यातून जात नाही.’’ मुलाने धोशा लावला म्हणून छोटा पांढरा ट्रक विकला. बदल्यात एक ओळखपत्र मिळालं, टॅक्सीत थोडी सवलत मिळते. पण शहराबाहेर मिक्काबीकडे त्यांची मिकानची, म्हणजे जपानी संत्र्यांची, बाग आहे, तिथे बस दिवसातून मोजून चार वेळा. आता रविवारी मुलगा नेईल तेव्हाच झाडं दिसतात. बाकी दिवस टीव्हीवर बेसबॉल. हे मी ग्रुपवर लिहिलं, तर भाऊ म्हणाला, ‘‘जीव तर वाचला ना?’’

वाचला. मी ते नाकारत नाही. पण आपल्याकडे ‘वय झालं, बंद करा’ म्हणणाऱ्यांनी आधी आपली तपासणी बघावी. कायद्याने पंचावन्न ओलांडली की लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं, आणि चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-अ लागतो. बाबांच्या मागच्या नूतनीकरणाला मी सुट्टीवर होतो, सोबत गेलो. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, ‘‘काय काका, बरं आहे ना?’’ आणि सही ठोकली. चार महिन्यांनी उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू निघाला. चार महिन्यांत तो पिकला नसणार! म्हणजे सहीच्या दिवशी बाबा जवळपास एका डोळ्याने गाडी चालवत होते, आणि कागदावर ठणठणीत होते. ही सही खरी होईल तेव्हा वयाची मर्यादा मागा. साठीतही कुणाला दिसत नाही, आणि ऐंशीतही कुणी उत्तम चालवतं.

दुसरं म्हणजे किल्ली काढून घेतल्यावर बाबांनी जायचं कसं? पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, पण एसटी काही मंडईत नेऊन सोडत नाही. रिक्षावाल्याला जवळचं भाडं नको असतं. फूटपाथवर टपरी, टपरीपुढे लावलेल्या दुचाक्या, आणि काकांनी उतरायचं रस्त्यावर. चालताना पडण्याची भीती गाडीवरून पडण्यापेक्षा कमी नाही, असं आई म्हणते, आणि तिचा नी-कॅप घातलेला गुडघा पुरावा म्हणून पुढे करते.

इथे सत्तरीपुढचे लोक गाडीला चार पानांचं स्टिकर लावतात, आणि तशा गाडीला कडेला दाबलं तर दंड होतो. हे मात्र मला आपल्याकडे हवंय. बाबांच्या मागे हॉर्न वाजवून ‘‘ओ आजोबा, घरी बसा’’ म्हणणारा पोरगा नियम मोडतोय, असं कुणाला वाटतच नाही.

आता मोतीबिंदू काढलाय. रात्री चालवायची नाही आणि हायवे तर नाहीच, एवढं बाबांनी कबूल केलंय. बाकीचं ऐकत नाहीत. परवा म्हणाले, ‘‘डिसेंबरला येशील तेव्हा मागे बस, आणि मग काय ते ठरव.’’ घरात माझ्या मापाचं हेल्मेट नाही, ते इथूनच घेऊन जावं लागेल.