२०० चा बीम 'पास' होतो, मग २५० चा कशाला?

"२०० मिमीचा बीम पास होत असताना २५० चा सांगणं म्हणजे लोकांना उगाच खर्चात पाडणं, आणि एवढीच भीती असेल तर भारी ग्रेडचं स्टील घ्या" असं तुम्ही, २५० चा (म्हणजे २५० मिमी उंचीचा स्टीलचा आय-बीम) घ्या या माझ्या पोस्टखाली लिहिलंय. अहो, तुमचं गणित चुकलेलं नाहीये. ५ मीटर स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) आणि मीटरला १२०० किलो लोड धरला तर २०० चा बीम ताकदीत बसतो, काठावर का होईना, पण बसतो. फक्त तुम्ही तिथेच थांबलात. मोडणार नाही म्हणजे वाकणार नाही असं थोडंच आहे! तोच बीम मधोमध जवळपास २२ मिमी खाली येतो आणि स्पॅन भागिले ३०० ही मर्यादा धरली तरी १७ च्या आत राहायला हवा, २५० चा घेतला की हाच आकडा साडेनऊवर येतो. वजन वाढतं दीडपट, वाकायला विरोध सव्वादोन पटीहून जास्त.

भारी ग्रेडचं म्हणाल तर तिथेच बरेच जण फसतात. ग्रेड वाढली की ताकद वाढते पण स्टीलचा ई, म्हणजे ताठरपणाचा आकडा, तोच, २०० गिगापास्कलच्या आसपास, त्यामुळे साधं घ्या नाहीतर भारी, बीम तेवढाच वाकणार.

एका ओळखीच्याच्या गॅरेजचा सरकता दरवाजा मध्यावर येऊन घासायचा, त्याने दोनदा रोलर बदलले. मी दरवाजावरच्या बीमच्या खालच्या फ्लॅंजला (आय आकाराच्या खालच्या रुंद पाटीला) या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली तर मधे दोरीला बीमच टेकला, म्हणून दोन्ही टोकांना २५ मिमीचे ठोकळे लावून परत ताणली आणि मधे पट्टी धरली, तर फट उरली फक्त ७ मिमी. म्हणजे १८ मिमी झोळ. बिचाऱ्या रोलरचा काय दोष?

एक मात्र तुमच्यामुळे लक्षात आलं, वरच्या फ्लॅंजला बाजूने आधार हवा हे मी पोस्टमध्ये लिहिलंच नव्हतं. स्लॅब किंवा आडव्या पट्ट्यांनी तो धरलेला नसेल तर बीम आडवा कलून पिळवटतो आणि मग तुमचं 'पास' पण गेलं. आज टाकतो ते. आणि मधे चेन ब्लॉक टांगून इंजिन उचलायचा बेत असेल तर आधीच सांगा, कारण तेच वजन पसरून न येता एका जागी मध्यावर आलं की मोमेंट (बीमला वाकवणारा जोर) दुप्पट होतो, मग २५० सुद्धा परत तपासावा लागेल.