गजकर्णाचं नाव कुठेच नाही?

स्टेरॉइड क्रीमच्या गैरवापरावरच्या तुमच्या लेखात गैरवापर म्हणजे गोरं होण्यासाठी तोंडाला लावणं, एवढंच आलंय. ते खरं आहेच, पण आमच्या मेडिकलच्या काउंटरवर त्याहून जास्त मागणी असते ती गजकर्णाच्या ट्यूबला. पावसाळ्यात तर विचारूच नका. गिऱ्हाईक डॉक्टरांची चिठ्ठी आणत नाही, खिशातून पिळून चपटी झालेली जुनी ट्यूब काढतं आणि म्हणतं, "हीच द्या, दोन दिवसांत खाज जाते." जाणारच! त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉल असतं, म्हणजे कातडीला लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल. ते खाज दाबतं, पण त्या जागची प्रतिकारशक्तीही दाबतं आणि बुरशी निवांत पसरते. नेहमीचा गोल, कडा असलेला चट्टा मग चट्ट्यासारखा दिसतच नाही; डॉक्टरांनाही खरवडून तपासावं लागतं. जांघेत महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होऊन प्रसूतीनंतर पोटावर दिसतात तसे वळ उठतात. क्रीम बंद केल्यावर ते फिके पडतात, जात नाहीत.

आणि लेखातलं 'चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी करणारा कायदा हवा' हे वाचून हसू आलं. २०१८ मध्येच अशी बरीच क्रीम शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, टाकली आहेत, ट्यूबवर तसा इशारा छापलेला असतो. मी नाही म्हटलं की माणूस दुसऱ्या दुकानात जातो आणि दोन घेतो, घरातल्या सगळ्यांना पुराव्यात म्हणून.