आजोबांच्या छत्रीतली नवरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. काचेतल्या आणि पाण्यातल्या प्रतिबिंबांच्या माझ्या फोटोंवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. प्रतिबिंब ही आयती क्लृप्ती आहे, माणूस समोर उभा असताना तो काचेत कशाला शोधायचा, पोलरायझर (प्रतिबिंब कमी करणारा, लेन्सवर फिरवायचा फिल्टर) लावून काच स्वच्छ करा, आणि आजोबांच्या छत्रीच्या प्रतिबिंबात दिसणारी नवरी तर सरळसरळ फोटोशॉप, असं तुमचं म्हणणं.

ठाण्याच्या तलावपाळीवरच्या डबक्यातल्या प्रतिबिंबाचा फोटो मी उलटा करून टाकला होता, त्यावरचा राग मला मान्य आहे. उलटा केल्यावर लोक त्यात कोडं सोडवत बसतात आणि पावसातून धावणारा मुलगा राहूनच जातो. मूळ फोटो आता सरळ लावला आहे.

पण छत्रीच्या बाबतीत मी मागे हटणार नाही. तो एका क्लिकचा फोटो आहे. एप्रिलमधली सकाळ, दहाचा सुमार, राम मारुती रोड. दुकानाच्या काचेवर समोरच्या फुटपाथचं ऊन इतकं झगझगत होतं की आतलं काही दिसत नव्हतं. साधी काच समोरून पडलेल्या उजेडाचा प्रत्येक पृष्ठभागाला जेमतेम चार टक्के भाग परत फेकते. पण बाहेर कडक ऊन आणि आत मंद दिवे असले की तेवढे चार टक्केही आतल्या उजेडाला गिळून टाकतात. मग एक आजोबा काळी छत्री उघडून काचेपाशी थांबले. छत्रीचं काळं कापड जेवढ्या भागात उमटलं, तेवढ्याच भागातली झळाळी गेली आणि आतला शालू नेसवलेला पुतळा दिसू लागला. छत्रीच्या काठाशी नवरी संपते ती याचमुळे, कात्रीने कापल्यामुळे नव्हे. कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाईल, म्हणजे काहीही न बदललेली, जपून ठेवली आहे, सांगा, पाठवतो.

तुम्हीही करून बघा. दुपारी कुठल्याही दुकानाच्या काचेला दोन्ही तळहातांचा आडोसा करून आत बघतो ना आपण, तेच हे.

पोलरायझर माझ्या पिशवीत असतो. काचेच्या लंबरेषेशी साधारण ५६ अंशांच्या कोनात उभं राहिलं तर तो प्रतिबिंब जवळपास पुसून टाकतो, अगदी समोर उभं राहिलं तर त्याचा काहीच उपयोग होत नाही. इथे तो पूर्ण फिरवला असता तर शालूची एक सुबक जाहिरात हाती आली असती. आजोबा गेले असते, समोरच्या रिक्षा गेल्या असत्या, ऊन गेलं असतं. मला रस्ता हवा होता, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजू एकाच चौकटीत आणून देणारं काचेसारखं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. फ्रेंच छायाचित्रकार युजीन आत्जेने १९२५ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ रस्त्यावर कपड्यांच्या दुकानातले पुतळे टिपले. तिपाईवरचा अवजड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन हिंडणारा माणूस तो. पुतळ्यांवर समोरच्या इमारती आणि झाडं पसरलेली आहेत, आणि तरीही ते त्याने तसेच ठेवले.

‘आयती’ हा शब्द मात्र लागला. त्या काचेपाशी मी सलग अकरा सकाळी उभा होतो. ऊन समोरच्या फुटपाथवर असतं तेवढाच वेळ हातात, त्यात मध्ये रिक्षा थांबते, कधी शटरच उघडलेलं नसतं. फोकसही फसवतो. प्रतिबिंबातली वस्तू काचेवर नसते, ती काचेपुढे जितकी लांब तितकीच काचेमागे धरावी लागते. म्हणून आजोबा धारदार आले की पुतळा मऊ पडायचा. शेवटी लेन्सचं छिद्र एफ अकरापर्यंत, म्हणजे बरंच लहान, आवळलं तेव्हा दोघंही स्पष्ट जमले.

शेवटचा तुमचा प्रश्न, माणसाचा चेहरा कुठाय? आहे. मोबाईलचा उजेड वाढवा आणि छत्रीच्या दांड्याच्या डावीकडे बघा. आजोबांचं नवरीकडे लक्षच नाही. त्यांना ती दिसतेय की नाही कोण जाणे, ते काचेत बघून सदऱ्याची कॉलर नीट करतायत.