मान तिकडे करा

काल दुपारी, वयाच्या ४७व्या वर्षी, अख्ख्या ऑफिसच्या देखत मला भिंतीकडे तोंड करून बसवण्यात आलं. शाळेतही ही वेळ आली होती, नाही असं नाही. पण तिथे आधी काहीतरी खोडी काढलेली असायची. इथे माझा गुन्हा एवढाच, की मला पीडीएफची पानं सुलटी करायची होती.

कुणीतरी स्कॅन करून पाठवलेली २४ पानं शीर्षासनात होती. ती सुलटी करून सेव्ह करणारं एक चिमुकलं, जुनंपानं, फुकट सॉफ्टवेअर मी डाउनलोड केलं, डबलक्लिक केलं आणि स्क्रीन अंधारली. मधोमध ढालीचं चित्र आणि मागणी: ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड. तो आमच्यासारख्यांना नसतो. कॉम्प्युटर-सपोर्टकडे तिकीट टाकलं, म्हणजे अर्ज केला. 'व्यवसायासाठी गरज' या रकान्यात खरं ते लिहिलं, 'मान दुखते'. अर्ज परत आला. 'कार्यक्षमतेत वाढ' लिहिलं, पास झाला. यात ११ दिवस गेले.

बाराव्या दिवशी सपोर्टमधल्या मुलाचा फोन आला. त्याने खालच्या मजल्यावरूनच माझ्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला. माउसचा बाण भुताटकीसारखा आपोआप फिरला, फाइलवर गेला, डबलक्लिक झालं.

"सर, आता काय दिसतंय?"

"तुम्हाला दिसत नाही?"

"मला सगळं काळं दिसतंय."

पासवर्ड मागणारी ती चौकट मुद्दामच वेगळ्या, राखीव पडद्यावर येते. एखाद्या लबाड प्रोग्रॅमने परस्पर 'हो' दाबू नये म्हणून. विचार चांगला आहे. फक्त आमच्याकडच्या सेटिंगमध्ये लांबून मदत करणाराही लबाडांतच धरला जातो.

"ती पासवर्ड मागतेय," मी म्हणालो.

"मग टाका ना सर."

"माझ्याकडे कुठाय?"

"हो, तो तुम्हाला देता येत नाही."

"मग तुम्ही टाका."

"मला चौकटच दिसत नाहीये, सर."

दोघेही थोडा वेळ गप्प. मीच तडजोड सुचवली. "तुम्ही एकेक अक्षर सांगा, मी टाकत जातो."

"सांगितला तर तुम्हाला कळेल ना, सर."

"टाकला की लगेच विसरतो."

यावर त्याने खरोखर विचार केला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. "नको," तो म्हणाला, "मीच वर येतो."

आला. खुर्ची ओढली, हात कीबोर्डवर ठेवले आणि थांबला.

"सर, जरा मान तिकडे करा."

"अहो, तिथे नुसते ठिपके उमटतात."

"बोटं दिसतात ना."

मी खुर्ची फिरवली. मागे खडखड. "चुकला." पुन्हा खडखड. "पुन्हा चुकला."

"कॅप्स लॉक बघा," मी भिंतीला सांगितलं.

खडखड थांबली. "सर, तुम्ही बघताय?"

"नाही हो. सगळ्यांचंच तसं होतं."

एक सहकारी जाता जाता थबकली. "काय केलंत?"

"पानं सुलटी करत होतो."

"अरेरे," ती म्हणाली आणि गेली. अरेरे कशाबद्दल, ते अजून कळलेलं नाही.

भिंतीकडे बघत बसलं की माणूस इतिहासात शिरतो. कामापुरतेच अधिकार द्यावेत, हे तत्त्व साल्टझर आणि श्रोडर या दोघा संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली नीट मांडून ठेवलंय. तरी २००१च्या विंडोज एक्सपीत घरोघरी जो तो ॲडमिनिस्ट्रेटर होता आणि व्हायरसही त्याच रुबाबात वावरायचे. मग २००७मध्ये व्हिस्टा आली आणि ऊठसूट परवानगी मागू लागली, इतकी, की लोक न वाचताच 'हो' दाबायला शिकले. विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांनाही हसायला नको. २००९च्या नोव्हेंबरात फेडोरा १२ या लिनक्सच्या अवताराने साध्या वापरकर्त्याला त्यांच्याच भांडारातली, सही-शिक्क्याची सॉफ्टवेअरं पासवर्डविना टाकायची मुभा दिली. एवढा गहजब झाला, की काही दिवसांतच ती मागे घेतली. शेकडो लोकांच्या सामाईक कॉम्प्युटरवर हा धोका आहे, मान्य. पण एकट्याच्या लॅपटॉपवर मला तरी ते शहाणपणाचं वाटतं. आधीच पारखलेल्या मालाला पुन्हा पहारा कशाला? खिशातल्या फोनवर आपण रोज हेच करतो, कारण तिथे प्रत्येक ॲपला त्याच्या त्याच्या खोलीत कोंडलेलं असतं.

आणि पहारा तरी कशावर? सगळ्यांच्या पगाराचे तक्ते माझ्या फोल्डरमध्ये आहेत. ते मी आत्ता पुसू शकतो, चुकून कुणालाही मेल करू शकतो. ढाल येत नाही की अंधार होत नाही. माझ्या नावाने घुसलेला व्हायरसही ते कुलूपबंद करू शकतो, त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतच नाही. जपायचं ते काय, तर पुन्हा टाकता येईल असं विंडोज. सहा वर्षांचं माझं काम उघड्यावर. मी याबद्दल एकदा मीटिंगमध्ये बोललो होतो. इतिवृत्तात 'इतर विषय' एवढंच आलं.

"झालं, सर!"

मी वळलो. स्क्रीनवर नवीन काहीच नव्हतं. "कुठाय?"

त्याने इकडे तिकडे शोधलं आणि त्याचा चेहरा पडला. ते सॉफ्टवेअर, ज्याच्या नावाने चालवाल त्याच्याच फोल्डरमध्ये जाऊन बसणारं निघालं. पासवर्ड ॲडमिनचा, म्हणून ते ॲडमिनच्या घरी गेलं. माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या ११ दिवसांनंतर, पानं सुलटी करायची सोय त्याला झाली होती.

"म्हणजे याला ॲडमिन लागतच नव्हता?"

तो गप्प. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "सर, नाव बदलून बघू?"

जुन्या, ३२-बिटी फाइलने आपल्याला काय अधिकार हवेत ते सांगितलेलं नसलं, की विंडोज अंदाज बांधतं. त्यात फाइलचं नावही बघितलं जातं. नावात 'सेटअप', 'इन्स्टॉल', 'अपडेट' असं काही दिसलं, की हा ॲडमिनचंच काम करायला आलाय असं धरून ढाल पुढे. आमच्या फाइलच्या नावात 'सेटअप' होतं. त्याने ते खोडून 'अबक' केलं आणि डबलक्लिक केलं. ना ढाल, ना अंधार. १० सेकंदांत सॉफ्टवेअर माझ्या घरी.

संध्याकाळी तिकीट बंद झाल्याचा मेल आला. 'समस्येचं कारण' या रकान्यात एकच शब्द होता: वापरकर्ता. खाली पाच रिकामे तारे. मी चार दिले. एक मानेचा कापला.